सगळ्यांना थोडं थोडं माहीत होतं

मंगळवारी पहाटे चार वाजता सतरा नंबरच्या आजींचा डायपर कोरडा निघाला. रात्रीच्या मावशींना बरं वाटलं. चोवीस जणांचं करताना एकाचं अंथरूण बदलावं लागलं नाही, तेवढीच पाठीला उसंत. सकाळी सिस्टरने वहीत लिहिलं, ‘रात्र शांत. झोप चांगली.’ यात खोटं काहीच नव्हतं. पण बारा तासांत लघवी झाली नाही याला ‘शांत रात्र’ म्हणत नाहीत, आणि हे त्या मजल्यावरच्या प्रत्येक सिस्टरला माहीत होतं. मलाही.

मराठीत ‘नर्सिंग होम’ म्हटलं की छोटं खासगी रुग्णालय डोळ्यांपुढे येतं. मी लिहिते आहे ते वृद्ध शुश्रूषा केंद्राबद्दल, जिथे माणसं बरी होऊन घरी जाण्यासाठी येत नाहीत, राहायला येतात. अशाच एका केंद्रात मी एका मजल्याची इनचार्ज सिस्टर असताना हे घडलं. केंद्राचं नाव देत नाही, कोणाचंच देत नाही. आजींची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. चुका मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, त्यांत माझ्याही आहेत.

तीन दिवस

आजी ब्याऐंशी वर्षांच्या. स्मृतिभ्रंश होता, पण हसतमुख. वॉकर घेऊन जेवणाच्या खोलीपर्यंत स्वतः यायच्या. नावं विसरायच्या, चेहरे नाही.

सोमवारी संध्याकाळी त्यांना भरवणाऱ्या मावशींच्या लक्षात आलं की आजी घास गालात धरून ठेवताहेत. गिळा म्हटलं की गिळतात, पण सांगावं लागतंय. पाणीही अर्धा पेलाच प्यायल्या. मावशी सिस्टरला सांगायला गेल्या तेव्हा सिस्टर औषधांच्या ट्रॉलीपाशी गोळ्या मोजत होत्या. ‘सतराच्या आजी आज नीट जेवल्या नाहीत.’ ‘बरं, बघते.’ सिस्टरने मान वर केली नाही आणि तेव्हा करायलाही नको होती. गोळ्या काढताना लक्ष विचलित झालं की चूक होते, हे आम्हीच शिकवतो. अडचण अशी की मावशींना सिस्टर उभी सापडते ती फक्त ट्रॉलीपाशीच. त्या दोघींनी शांतपणे बोलावं अशी वेळ पूर्ण दिवसात आम्ही ठेवलेलीच नव्हती.

रात्रीचं वर सांगितलं. मंगळवारी सकाळी सातला मी ओव्हर घेतली, म्हणजे पाळी बदलताना आधीच्या सिस्टरकडून प्रत्येकाची माहिती घेतली. रात्रीची सिस्टर दाराकडे पाय करून उभी, मी एका हाताने ओळखपत्र अडकवत. ‘सोळा ठीक. सतरा नेहमीप्रमाणे. अठराला खोकला.’ मी ‘ठीक’ म्हटलं. सतरा नंबरवर आम्ही दोघींनी मिळून दोन शब्द खर्च केले.

त्याच दिवशी खोल्या झाडणाऱ्या मामांनी सतरा नंबरचा पाण्याचा जग भरायला उचलला. तो भरलेलाच होता. त्यांनी तो ओतून ताजं पाणी भरून ठेवलं. फिजिओथेरपिस्ट आले, आजी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी आपल्या रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘आज सहकार्य नाही.’ संध्याकाळी आजींच्या मुलीने फोनवर आईशी दोन मिनिटं बोलून स्वागतकक्षाला सांगितलं, ‘आईचा आवाज वेगळा वाटतोय, सिस्टरना सांगा.’ स्वागतकक्षातल्या मुलीने चिठ्ठी लिहिली: ‘१७ च्या मुलीला फोन करणे.’ आवाजाचं त्या चिठ्ठीत नव्हतं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावरच्या फाइलखाली सापडली.

बुधवारी सकाळी मी स्वतः आजींचं तापमान घेतलं. ९९.२ फॅरेनहाइट. ‘ताप नाही’ असं लिहून पुढे गेले. इथे मला थांबायला हवं होतं. म्हातारपणी शरीराचं तापमान मुळातच कमी असतं आणि संसर्ग झाला तरी ते तरुणासारखं चढत नाही. अमेरिकेतल्या संसर्गजन्य रोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ साली दीर्घकालीन शुश्रूषा केंद्रांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत म्हणूनच १०० च्या वरचा एकच आकडा पुरेसा धरला आहे, आणि त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा दोन अंश फॅरेनहाइटहून अधिक वाढ असेल तर तोही ताप मानायला सांगितलं आहे. आजींच्या मागच्या महिन्याच्या चार्टवर सगळीकडे ९७ होतं. चार्ट माझ्या हाताखालीच होता.

आंघोळ घालणाऱ्या मावशींना त्या दिवशी माकडहाडावर लाली दिसली. बोटाने दाबली तरी पांढरी पडत नव्हती. त्यांनी पावडर लावली.

दुपारी आजी ग्लानीत गेल्या. दुपारच्या सिस्टरने डॉक्टरांना फोन लावला.

‘डॉक्टर, सतराच्या आजी जरा डल वाटतायत. काय करू?’
‘ताप?’
‘नाही.’
‘बीपी?’
‘घेऊन सांगते.’
‘बरं, लक्ष ठेवा. उद्या राउंडला बघतो.’

रात्री अडीच वाजता आजी हाकेला ओ देईनात. रुग्णवाहिका आली. रुग्णालयात कळलं की शरीरातलं पाणी फार कमी झालं होतं, मूत्रमार्गातला संसर्ग रक्तात पसरला होता आणि मूत्रपिंडांवर ताण आला होता. बारा दिवसांनी आजी परत आल्या. जीव वाचला. चालणं गेलं, ते पुन्हा आलं नाही. माकडहाडावरची लाली उघडी जखम झाली होती, ती भरायला अनेक आठवडे गेले.

भिंतीवरचा कागद

व्यवस्थापकांचा पहिला विचार होता रात्रीच्या सिस्टरला मेमो द्यायचा. ‘शांत रात्र’ तिनेच लिहिली होती, तेव्हा बोट ठेवायला जागा तयार होती. मेट्रन बाईंनी तो थांबवला. त्या म्हणाल्या, मेमो दिला की ती पुढच्या वेळी सावध होईल, आणि सावध माणूस कमी लिहितो.

त्याऐवजी त्यांनी स्टाफरूमच्या भिंतीवर एक लांब कागद लावला. सोमवार संध्याकाळ ते बुधवार रात्र. प्रत्येकाने आपण काय पाहिलं ते एका चिठ्ठीवर लिहून त्या-त्या वेळेवर चिकटवायचं. चूक कोणाची ते लिहायचं नाही, फक्त पाहिलेलं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, मेट्रन बाई लिहून घेणार.

आठ चिठ्ठ्या लागल्या. गालातला घास. कोरडा डायपर. भरलेला जग. न उभं राहणं. बदललेला आवाज. ९९.२. लाली. ग्लानी. त्या कागदापुढे आम्ही सगळे उभे होतो आणि पाचेक मिनिटं कोणी काही बोललं नाही. निदान करायला डॉक्टरच लागले असते असं काही त्यात नव्हतं. पहिल्या चारच एकत्र वाचल्या असत्या तरी प्रशिक्षणाला आलेल्या मुलीनेही मंगळवारी दुपारीच सांगितलं असतं. पण आठ चिठ्ठ्या आठ जणांच्या खिशात होत्या.

मामांनी हळूच विचारलं, ‘जग भरलेला होता हे कोणाला सांगायचं असतं?’ त्यांच्या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हतं. त्यांनी कोणाला सांगावं असं आम्ही कधी ठरवलंच नव्हतं.

आजींच्या मुलीला मेट्रन बाई आणि मी, दोघींनी बसून सगळं सांगितलं. तो कागदही दाखवला. ती बराच वेळ एकाच चिठ्ठीकडे बघत होती, तिच्या स्वतःच्या फोनच्या. ‘मी सांगितलं होतं ना,’ एवढंच म्हणाली. मी ‘हो’ म्हटलं. स्पष्टीकरण दिलं नाही, कारण त्या क्षणी कुठलंही स्पष्टीकरण तिच्यापेक्षा आमच्याच कामाचं ठरलं असतं.

कुठे तुटलं

कर्मचाऱ्यांमधला संवाद सुधारायचा म्हटलं की बहुतेक ठिकाणी गोड कसं बोलावं, ऐकावं कसं, याचं प्रशिक्षण ठेवतात. आमच्याही मनात आधी तेच आलं. कागद पाहिल्यावर ते बाजूला ठेवलं. आमच्या मजल्यावर लोक एकमेकांशी वाईट बोलत नव्हते. त्यांची गाठच पडत नव्हती.

आम्ही ड्यूटीच्या वेळा एकाखाली एक मांडल्या. सिस्टरच्या पाळ्या सात, दोन आणि नऊला बदलत. मावशींच्या बारा तासांच्या पाळ्या आठला बदलत. म्हणजे सिस्टर ओव्हर देते तेव्हा मावशी कोणाला तरी आंघोळ घालत असते, आणि मावशी पाळी बदलतात तेव्हा सिस्टर औषधं देत असते. वर्षानुवर्षं हे वेळापत्रक भिंतीवर होतं आणि आमच्यातल्या कोणालाही ते खुपलं नव्हतं. शिवाय सातची पाळी सातला संपे आणि सातलाच सुरू होई. ओव्हर कुणाच्याच पगाराच्या वेळेत बसत नव्हती. जी गोष्ट कोणाच्याच वेळेत नाही ती दाराकडे पाय करूनच होते. याचा दोष मी त्या सिस्टरला देऊ शकत नाही.

दुसरी गोष्ट शब्दांची. ‘नेहमीप्रमाणे’, ‘ठीक’, ‘शांत’, ‘डल’, ‘सहकार्य नाही’. ऐकताना माहिती मिळाल्यासारखं वाटतं आणि हाती काहीच लागत नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या बाबतीत तर हे शब्द घातकच आहेत, कारण अचानक आलेला गोंधळ किंवा सुस्ती ‘वयामुळे’ म्हणून खपून जाते. वास्तविक अनेक वृद्धांमध्ये संसर्गाची किंवा पाणी कमी पडल्याची पहिली खूण ताप किंवा दुखणं नसते, ‘आज वेगळ्या वाटतात’ हीच असते. त्यातून वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणजे आजी पाणी मागणारही नाहीत. आणि वेगळं वाटणं कोणाला कळणार? जो रोज हाताने भरवतो, उचलतो, कपडे बदलतो त्याला. अमेरिकेतल्या एका शुश्रूषा केंद्रात याचा अभ्यास झाला होता, तो २००० साली प्रसिद्ध झाला. सहायकांनी आजारपणाच्या ज्या खुणा नोंदवल्या, त्या परिचारिकांच्या नोंदींत यायला सरासरी पाच दिवस लागले होते. पाच दिवस! आमच्या आजींना तीनही मिळाले नाहीत.

तिसरी गोष्ट लिहिताना हात जड होतो. सोमवारच्या मावशींना मी नंतर विचारलं, तुम्ही पुन्हा का नाही सांगितलंत? त्या म्हणाल्या, ‘सिस्टर, मागे एकदा मी अशीच सांगायला आले होते, तेव्हा तुम्ही म्हणालात, मला माझं काम कळतं.’ मला तो प्रसंग आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, ते मी ओळखते. माझ्यासाठी ती एका धावपळीच्या सकाळची गोष्ट होती. मावशींसाठी तो नियम झाला.

जे फसलं

पहिला उपाय आम्ही कागदी केला. प्रत्येक रहिवाशासाठी रोजचा तक्ता, त्यात अडतीस रकाने: खाणं, पाणी, लघवी, शौच, त्वचा, झोप, मन, चाल… सगळंच. तिसऱ्या आठवड्यात मी चोवीस तक्ते एकाशेजारी एक ठेवून पाहिले. एकाच पेनाने, एकाच तिरक्या रेषेत, पाळी संपताना एका दमात केलेल्या बरोबरच्या खुणा. लोक आळशी नव्हते. अडतीस रकाने भरायला जो वेळ लागतो तो त्यांनी आजी-आजोबांना दिला होता, आणि योग्य केलं होतं. तक्ता आम्ही मागे घेतला.

मग मोबाइलवर ग्रुप काढला. चार दिवस छान चाललं. पाचव्या दिवसापासून वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या गर्दीत ‘नऊ नंबरला उलटी’ हा निरोप कोणी वाचला आणि कोणी नाही हे कळेना. सुट्टीवर असलेल्यांचे फोन रात्री वाजू लागले. एकीने जखमेचा फोटो टाकला. हेतू चांगला होता, पण कुणाच्या आजींच्या उघड्या पाठीचा फोटो पंधरा जणांच्या खासगी फोनवर जाणं मला मान्य नाही. ग्रुप बंद केला.

वेळ आधी, बाकी नंतर

जो बदल टिकला तो आधी वेळापत्रकात झाला. सगळ्यांच्या पाळ्या सात आणि सातवर आणल्या. सिस्टरची दिवसाची एक बदली दुपारी एकला. प्रत्येक बदलीला पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या हजर, आणि ती पंधरा मिनिटं पगारात. व्यवस्थापकांना पटवायला सर्वांत जास्त श्रम याच एका ओळीला पडले. रात्रीच्या सिस्टर नाराज झाल्या, दहा तासांचे बारा होत होते. त्यांचं म्हणणं खरं होतं. सलग सहा रात्रींच्या चार केल्या तेव्हा जमलं, तरी एक सिस्टर सोडून गेली. ती चांगली सिस्टर होती.

ओव्हर टेबलापाशी न घेता खोलीच्या दारात उभं राहून घ्यायची. आणि आधी मावशी बोलणार. हा क्रम मेट्रन बाईंनी आग्रहाने ठेवला, माझा त्याला विरोध होता. मला वाटायचं सिस्टरने आधी चित्र मांडावं, मग मावशींनी भर घालावी. मेट्रन बाई म्हणाल्या, सिस्टर आधी बोलली की मावशीला बोलायचं उरत नाही, फक्त होकार उरतो. आठवडाभरात मला दिसलं की त्या बरोबर होत्या. पहिल्या दोन दिवसांत मावशी नुसत्या ‘काही नाही’ म्हणत. तिसऱ्या दिवशी एकीने अकरा नंबरच्या दारात सांगितलं, ‘आजोबा उठवताना आज जड लागले.’ वजन तेवढंच, पण माणूस स्वतःचा जोर लावेनासा झाला की उचलणाऱ्याच्या हाताला तो जड लागतो. कुठल्याच चार्टमध्ये या गोष्टीला रकाना नसतो. त्या दिवशी आजोबांना दोनदा चक्कर आली होती आणि त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

दारात तीनच गोष्टी बोलायच्या: काय बदललं, कशाची काळजी वाटते, पुढच्या पाळीने काय बघायचं. काहीच बदललं नसेल तर ‘बदल नाही, दोन्ही वेळा पूर्ण जेवल्या, लघवी चारदा’ इतकं पुरे. ‘नेहमीप्रमाणे’ बंद. शेवटी घेणाऱ्याने ऐकलेलं उलट सांगायचं. आम्ही त्याला ‘परत बोल’ म्हणायचो. ही शेवटची पायरी आम्हाला बालिश वाटली होती. पण रुग्णालयांतल्या ओव्हरसाठी जी ‘आय-पास’ पद्धत बनवली आहे तिचीही शेवटची पायरी हीच आहे. ती नऊ रुग्णालयांत वापरून पाहिल्यावर वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी आणि टाळता येण्यासारखे अपाय ३० टक्क्यांनी घटले, असं २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. तिथे ओव्हर देणारे शिकाऊ डॉक्टर होते आणि रुग्ण लहान मुलं, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे आमच्या मजल्याला लावता येणार नाहीत. उलट सांगताना मात्र रोज एखादी तरी गोष्ट दुरुस्त व्हायची, हे मी स्वतः पाहिलं.

दारात उभं राहण्याचा एक फायदा आम्ही आधी धरलाच नव्हता. रहिवासी ऐकतात. एका सकाळी सिस्टर म्हणाली, ‘चार नंबर रात्रभर झोपले,’ आणि आतून आजोबांचा आवाज आला, ‘डोळे मिटून पडलो होतो. झोपलो नव्हतो.’ त्यांचा गुडघा ठणकत होता. अर्थात याला दुसरी बाजू आहे. घरची भांडणं, पैशांचे प्रश्न, कोणाचं निदान असं काही दारात बोलायचं नाही, ते आत टेबलापाशी.

मावशींसाठी एक कार्ड केलं. शुश्रूषा केंद्रांसाठीच्या ‘इंटरॅक्ट’ या अमेरिकी कार्यक्रमातलं ‘स्टॉप अँड वॉच’ नावाचं साधन त्याला आधार होतं. त्यात बारा खुणा आहेत: नेहमीपेक्षा वेगळं वाटणं, कमी बोलणं, कमी खाणं, कमी पिणं, तीन दिवस शौच न होणं, अस्वस्थपणा, त्वचेत बदल, चालायला जास्त मदत लागणं, अशा. आम्ही नुसतं भाषांतर केलं असतं तर तेही अडतीस रकान्यांच्या वाटेने गेलं असतं. म्हणून मावशींनाच विचारलं, तुम्ही हे कसं म्हणता? कार्डावर मग आलं: ‘घास गालात धरतात’, ‘जड लागतात’, ‘भांडं धरवत नाही’, ‘नजर लागत नाही’. शेजारी चित्रं काढली. गोल करायचा आणि सिस्टरच्या हातात द्यायचं, ट्रॉलीवर ठेवायचं नाही. सफाईच्या मामांनाही कार्ड दिलं. जग भरलेला आहे हे कोणाला सांगायचं, याचं उत्तर त्यांना तीन महिन्यांनी का होईना मिळालं.

कार्डाबद्दल प्रामाणिकपणे सांगायला हवं. २०११ साली पंचवीस केंद्रांतल्या अनुभवात या कार्यक्रमानंतर रुग्णालयात हलवण्याचं प्रमाण १७ टक्क्यांनी घटलं होतं. पुढे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या, अधिक काटेकोर चाचणीत तसा ठळक फरक दिसला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे कार्ड एकटं काही करत नाही. दिलेल्या कार्डाचं पुढे काय झालं हे देणाऱ्याला कळलं नाही, तर दोन-तीन कार्डांनंतर चौथं येत नाही. म्हणून आम्ही एकच कडक नियम केला: पाळी संपायच्या आत सिस्टरने कार्ड देणाऱ्याला उत्तर द्यायचं. ‘बघितलं, काही नाही’ हेही उत्तर आहे, पण ते तोंडाने, समोर उभं राहून.

डॉक्टरांना फोन

डॉक्टरांशी बोलण्यासाठी आम्ही ‘एसबार’ हे निरोप देण्याचं साधन घेतलं. मूळ अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरचं. तिथून ते आरोग्यसेवेत आलं. चार भाग: आत्ता काय झालंय, मागची पार्श्वभूमी काय, मला काय वाटतं, मला काय हवंय. पहिले दोन भाग सिस्टर आठवडाभरात शिकल्या. तिसरा आणि चौथा येईना. ‘मला काय वाटतं’ म्हणायचं म्हणजे डॉक्टरांचं काम आपण केल्यासारखं वाटायचं. डॉक्टर स्वतः एका दुपारी येऊन बसले आणि म्हणाले, ‘तुम्ही तिथे उभ्या आहात, मी नाही. तुम्हाला काय वाटतं हे न सांगता विचारलंत, तर मी झोपेत अंदाज करतो.’ त्यांच्या या वाक्यानंतर वातावरण मोकळं झालं.

सराव आम्ही सतरा नंबरच्याच फोनवर केला. बुधवारची तीच दुपार, तेच आजार. फक्त आठ चिठ्ठ्यांमधली माहिती हातात, आणि बीपी-नाडी आधी घेतलेली.

‘डॉक्टर, सतरा नंबरच्या आजी हाक मारली की डोळे उघडतात आणि लगेच मिटतात. परवापर्यंत वॉकर घेऊन चालत होत्या. वय ब्याऐंशी, स्मृतिभ्रंश, बीपीची गोळी चालू. दोन दिवस खाणंपिणं निम्म्याहून कमी, लघवी फार कमी. तापमान ९९.२, एरवी ९७ असतं. नाडी ११०, बीपी ९६ वर ५८. मला पाणी कमी पडल्याचं वाटतंय, संसर्गही असेल. तुम्ही तासाभरात येऊन बघावं. जमत नसेल तर मी रुग्णालयात हलवते. आणि आजची बीपीची गोळी थांबवू का?’

वाचून दाखवायला पाऊण मिनिटही लागलं नाही. दुपारच्या सिस्टरने, जिने त्या दिवशी खरा फोन केला होता, ते वाचलं आणि वही खाली ठेवली. आम्ही सराव तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी तिनेच पुन्हा सुरू केला.

पुढचे महिने

नोंदवलेल्या घटनांची संख्या वाढली. पडणं, पडता-पडता वाचणं, चुकलेली गोळी, त्वचेवरची लाली. व्यवस्थापक काळजीत पडले: एवढं करून बिघडलं कसं? मेट्रन बाईंनी त्यांना अमेरिकी संशोधक एमी एडमंडसन यांच्या रुग्णालयांतल्या अभ्यासाबद्दल सांगितलं. त्यात चांगलं नेतृत्व असलेल्या परिचारिकांच्या गटांत चुका जास्त नोंदवलेल्या दिसल्या होत्या. त्या गटांत लोक चुकांबद्दल बोलायला घाबरत नव्हते. व्यवस्थापकांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं ते लालीच्या नोंदी वाढूनही उघड्या जखमा वाढल्या नाहीत तेव्हा.

सगळं जमलं असं नाही. बदली म्हणून एजन्सीकडून येणाऱ्या मावशींना आजी-आजोबांचं ‘नेहमीचं’ काय हेच माहीत नसतं, मग वेगळं काय हे त्या कशा सांगणार? त्यांच्यासाठी प्रत्येक पलंगापाशी चार ओळींची ओळख लावली: किती जेवतात, कसं चालतात, काय म्हणून हाक मारली की हसतात. थोडा उपयोग होतो. फिजिओथेरपिस्टचं रजिस्टर अजून वेगळंच आहे. ते आता दारातून जाताना सिस्टरला तोंडी सांगतात, पण ज्या दिवशी घाईत असतात त्या दिवशी राहतं. रविवारची ओव्हर अजूनही सात-आठ मिनिटांत आटोपते. नातेवाइकांच्या फोनला मात्र आता चिठ्ठी नाही. फोन थेट मजल्यावर जोडला जातो आणि ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचं.

सोमवारच्या मावशी हल्ली सकाळपाळीला असतात. मागच्या आठवड्यात सहा नंबरच्या दारात त्या म्हणाल्या, ‘आजोबा रात्री तीनदा पलंगावरून उतरू बघत होते असं रात्रीच्या मावशी म्हणतात. मला वाटतं पोट दुखतंय, हात तिथेच जातोय.’ सिस्टरने वही उलटली. तीन दिवस शौच नव्हतं, आणि दुखण्याची नवी गोळी पाच दिवसांपूर्वी सुरू झाली होती. तिने डॉक्टरांना फोन केला, औषध मिळालं. दुपारी एकच्या ओव्हरला तिने मावशींना सगळ्यांसमोर सांगितलं, ‘तुमचं बरोबर होतं, पोटच होतं.’ मावशींनी मान हलवली आणि म्हणाल्या, ‘मग आता सतराच्या आजींचं ऐका. सकाळपासून दोन पेले पाणी झालंय, तिसरा मी आत्ता पाजते.’